पुराच्या तयारीचा खर्च शेजारच्या पंचायतींनी कसा वाटावा: ठरावापासून हिशेबापर्यंत

दूधगंगा-वेदगंगेचं पाणी ओसरलं की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींत एकच वाद उभा राहतो. बोट तीन गावांनी वापरली, पेट्रोल एकानं भरलं, जनरेटर दुसऱ्याचा होता आणि बिलं पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) कपाटात तशीच पडून आहेत. तालुक्याला पाठवली तर 'आमच्याकडं बसत नाही' असा शेरा मारून परत येतात. पुढच्या पावसाळ्याला कुणी बोट द्यायला तयार होत नाही.

पैसा कमी पडतो हे खरं आहे, पण बहुतेक ठिकाणी आधी चुकतो तो क्रम. खरेदी आधी होते, वाटणीचं बोलणं नंतर. इथं सगळं उदाहरण पुराचं घेतलंय. खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी भागात अडचण वेगळी असते, रस्ता तुटतो आणि रुग्ण बाहेर काढता येत नाही. तरी खर्च वाटण्याची रीत तीच राहते.

आधी हे कागद जमवा

पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी प्रत्येक पंचायतीकडं चार गोष्टी हव्यात.

पहिली, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलं याची घरवार यादी. तलाठ्याकडं पंचनाम्याची यादी असते, पण ती पडझडीची असते. पाणी शिरलं आणि भिंत उभी राहिली, असं घर तिच्यात सापडत नाही. म्हणून वॉर्डातल्या सदस्यानं गल्लीतून फिरून यादी पुरी करावी.

दुसरी, हाताशी असलेल्या सामानाची यादी, आणि तीही सामान डोळ्यांनी बघून केलेली. रजिस्टरात 'बोट १, सुस्थितीत' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती समाजमंदिराच्या मागं उलटी पडलेली, खाली कोंबड्या, इंजिनाची पेट्रोलची नळी उंदरानं कुरतडलेली आणि लाईफ जॅकेटच्या पट्ट्या उन्हानं कडक होऊन ओढल्या की तुटणाऱ्या.

तिसरी, मागच्या पुरातली बिलं, मंजूर झालेली आणि परत आलेली दोन्ही. परत आलेल्या बिलावरचा शेरा नीट वाचा. पुढच्या पायऱ्यांना तोच कामी येतो.

चौथी, आपल्या आसपास पाण्याखाली जाणारे पूल आणि बंधारे कोणते आणि कुठल्या क्रमानं जातात त्याची टिपण. कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर ही नावं या भागात कुणाला सांगावी लागत नाहीत. गट कुणाशी करायचा ते या टिपणावरून ठरतं.

पायरी १: गट काठ बघून करा

इथंच पहिली चूक होते. होबळी (तालुक्याखालचा महसुली विभाग) एक, ओळख चांगली, अध्यक्ष एकाच गटाचे, म्हणून चार पंचायती एकत्र येतात आणि त्यातल्या दोन नदीच्या पलीकडं असतात. पूल बुडाला की पलीकडची बोट भर प्रवाहातून अलीकडं आणणं जिवावरचं काम. एकाच काठावरची, पुरातही एकमेकांकडं जायला रस्ता उरतो अशी तीन ते पाच गावं घ्या. पाचाच्या वर गेलात तर सह्या गोळा करण्यातच मे महिना संपतो.

गटात उंचावरचं एक तरी गाव असू द्या. त्याच्या घरांना पाणी लागत नाही, पण माणसं आणि जनावरं तिकडंच जातात.

सदलग्याची पुरसभा किंवा निपाणीची नगरसभा (म्हणजे नगरपालिका) जवळ असेल तर तिला मालकीत ओढू नका. तिचा कायदा, लेखापरीक्षण आणि वरचं खातं सगळंच वेगळं. तिच्याशी भाड्याचा दर ठरवून पत्र करून ठेवा: आमची बोट लागली तर दिवसाला इतके, तुमचा टँकर लागला तर खेपेला इतके.

पायरी २: खर्चाचे तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. पुराचा खर्च एकच धरला की वाटणी फसते.

*पहिला ढीग, राखण्याचा खर्च.* पाणी येवो न येवो, हा होणारच. बोटीची डागडुजी, इंजिनाची सर्व्हिसिंग, दोर, टॉर्च, जॅकेट, पट्टीच्या पोहणाऱ्यांचा सराव, त्यांचा विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या माणसाला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. एवढं तरी प्रत्येक नावाड्याचं उतरवलेलं असावं. हा ढीग पंचायतींनीच उचलायचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ४१ प्रमाणे साधनं वापरायला तयार ठेवणं आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. तहसीलदार हे देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

*दुसरा ढीग, धावण्याचा खर्च.* पाणी चढल्यावरचा. बोटीचं पेट्रोल, भाड्याची वाहनं, काळजी केंद्रातलं (पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यातलं) जेवण, जनावरांची वैरण. याला राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आहे. त्यात सर्वसाधारण राज्यांसाठी केंद्राचा ७५ आणि राज्याचा २५ टक्के वाटा असतो. आपल्याकडं तो पैसा डीसी (जिल्हाधिकारी) आणि तहसीलदारांच्या पीडी म्हणजे वैयक्तिक ठेव खात्यातून येतो. बचावासाठी भाड्यानं घेतलेली बोट आणि निवारा केंद्रातलं अन्न, कपडे, औषधं या गोष्टी निधीच्या निकषांत बसतात. पण तहसीलदारांचा आदेश हवा.

*तिसरा ढीग, पाण्यानंतरचा खर्च.* गाळ काढणं, विहिरी आणि टाक्यांत क्लोरिन, गटारं, वाहून गेलेला मोरीचा भराव. यातला थोडा वरून येतो, थोडा पंचायतीला करावा लागतो. हा सामायिक करू नका. ज्याच्या गावात गाळ, त्यानं काढावा.

> थांबा. पहिल्या ढिगातलं बिल दुसऱ्यात घालायचा मोह आवरा. जूनमध्ये केलेली इंजिनाची दुरुस्ती ऑगस्टच्या मदतकार्यात दाखवली की ती छाननीत सापडते, आणि तिच्याबरोबर खरी बिलंही अडकतात.

अग्निशामक दल कर्नाटकात राज्य सरकारचं खातं आहे आणि वीज बंद करणं हे हेस्कॉम या वीज कंपनीचं काम. या दोन्हींसाठी पंचायतींनी वर्गणी काढायचं कारण नाही. त्यांचे नंबर भिंतीवर लिहा, बास. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हेही तिथंच लिहून टाका.

पायरी ३: कुठला पैसा कशाला चालतो ते बघा

वित्त आयोगाच्या अनुदानाचे दोन भाग असतात. १५ व्या आयोगात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळात, ग्रामीण संस्थांचा ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता, पगार आणि आस्थापना सोडून. १ एप्रिल २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा चालू वर्षाचं परिपत्रक पीडीओंकडून मागून प्रमाण बघा. जुन्या टक्केवारीवर पंचायतीचा वार्षिक विकास आराखडा बांधू नका.

बांधलेल्या पैशात पिण्याच्या पाण्याची कामं बसतात. पुराच्या पातळीच्या वर उचललेला बोअरचा चबुतरा, टाकीचं क्लोरिनेशन, वाहून गेलेली पाइपलाइन. बोटीसाठी मोकळा भाग लागतो. तिथं कामाचं नाव कसं लिहिता यालाही महत्त्व आहे. राज्यघटनेच्या ११ व्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. त्यातला १३ वा रस्ते, मोऱ्या, पूल, तर (नावेनं नदी ओलांडायची सोय) आणि जलमार्गांचा, आणि २९ वा सामुदायिक मालमत्तेच्या देखभालीचा. 'आपत्ती साहित्य खरेदी' असं मोघम लिहिलं की प्रश्न येतात. 'पूल पाण्याखाली गेल्यावर गावाचा संपर्क राखण्यासाठी बोट' असं लिहिलं की विषय आपोआप १३ व्यात बसतो.

पेट्रोल, किरकोळ दुरुस्ती, विमा यांना स्वनिधी वापरा, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीचा. वसुली कमी असेल तर आपला वाटा बेतानंच कबूल करा. निवारा केंद्राच्या शाळेला उतार बांधायचा किंवा व्हीलचेअर घ्यायची असेल तर दिव्यांगांसाठी राखीव ठेवलेला निधी बघा. तो बोटीकडं वळवू नका.

पायरी ४: वाटणीचं सूत्र ठरवा

समसमान वाटणी सोपी वाटते, पण लहान गाव दुसऱ्या वर्षी बाहेर पडतं. लोकसंख्येवर केली तर उंचावरचं मोठं गाव कुरकुरतं. फक्त बुडणाऱ्या घरांवर केली तर ज्याचं आधीच नुकसान होतं त्याच्यावरच सगळा भार. म्हणून तिन्ही मिसळा. माझ्या मते ४०-३०-३० चांगलं चालतं: ४० टक्के समान, ३० टक्के लोकसंख्येवर, ३० टक्के पाणी शिरणाऱ्या घरांवर.

आकडे घालून बघू. समजा, राखण्याचा वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये आणि चार पंचायती. लोकसंख्या अनुक्रमे ९,०००, ६,०००, ५,००० आणि ४,०००. पाणी शिरणारी घरं ३००, २४०, ४० आणि २०.

समान भाग ४८,००० म्हणजे प्रत्येकी १२,०००. लोकसंख्येचा भाग ३६,०००, एकूण माणसं २४,०००, म्हणजे माणशी दीड रुपया. घरांचा भाग ३६,०००, एकूण घरं ६००, म्हणजे घराला ६० रुपये.

- पहिली: १२,००० + १३,५०० + १८,००० = ४३,५००
- दुसरी: १२,००० + ९,००० + १४,४०० = ३५,४००
- तिसरी: १२,००० + ७,५०० + २,४०० = २१,९००
- चौथी: १२,००० + ६,००० + १,२०० = १९,२००

आता चौथं गाव उंचावरचं आहे. त्याची शाळा निवाऱ्याला जाते, त्याचं मैदान जनावरांना. 'आम्ही पैसेही द्यायचे आणि जागाही?' हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तेव्हा वस्तू आणि सेवेचं मोल धरा. मेमध्ये शाळेची संडासं दुरुस्त करणं, पाण्याची टाकी बसवणं, विजेची जोडणी नीट करणं याचा खर्च त्यांनी केला तर तो वाट्यातून वजा करा. मात्र दर बैठकीतच ठरवा. पुरानंतर कुणी 'आमच्या पोरांनी रात्रभर राबून दिलं' म्हणून पाच हजार लावायला निघालं तर त्याला नाही म्हणणंही अवघड आणि हो म्हणणंही.

> तपासा. बेरीज मूळ रकमेला जुळते का? घरांची यादी चारही पंचायतींनी एकाच पुराची धरली आहे ना? एकानं २०१९ ची आणि दुसऱ्यानं २०२१ ची धरली की सूत्र तिथंच वाकडं होतं.

पायरी ५: पैसे एकत्र करण्याऐवजी वस्तू वाटून घ्या

चार पंचायतींनी एका खात्यात पैसे जमा करायचे, हे ऐकायला छान. पण अनुदानाचा पैसा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवलेल्या आराखड्याप्रमाणे थेट पुरवठादाराला जातो. एका पंचायतीतून दुसरीत फिरवायला गेलात की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला.

त्यापेक्षा प्रत्येकीनं आपल्या वाट्याच्या जवळपास किमतीची वस्तू आपल्याच नावावर घ्यावी. मोठ्या वाट्याची पंचायत बोट घेते, दुसरी इंजिन, तिसरी जनरेटर आणि फ्लडलाईट, चौथी जॅकेट, दोर, ध्वनिक्षेपक. वस्तू ज्याच्या नावावर त्याच्याच मालमत्ता रजिस्टरात. वापर सगळ्यांचा. किमतीत फरक राहिला तर तो पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीतून फेडायचा.

बोट आणि इंजिन वेगवेगळ्या मालकीचं असलं तरी ठेवायचं एकाच गावात. हे लिहून घ्या. पाणी चढत असताना 'इंजिन आमच्या गोडाऊनला आहे, चावी पीडीओंकडं, पीडीओ बेळगावला मिटिंगला' ही वेळ येऊ नये.

पायरी ६: ठराव

प्रत्येक पंचायतीच्या सभेत वेगळा ठराव लागतो. चारांचा मिळून एक कागद केला तर तो कुणाचाच ठराव नसतो. सभागृहाची मुदत संपून प्रशासक असेल तर त्यांच्या आदेशानं करून घ्या. ठरावात एवढं हवंच:

1. गटातल्या पंचायतींची नावं आणि सूत्र, टक्केवारीसकट
2. कोण कुठली वस्तू घेणार, ती कुठं राहणार, चावी कुणाकडं (दोन माणसं, पदानं आणि फोन नंबरनं)
3. पुरात एकाच वेळी दोघांनी बोट मागितली तर कुणाला आधी. इथं गावाच्या वाट्याचा संबंध नको. अडकलेल्या माणसांचा आकडा बघा, आणि निर्णय एका नेमलेल्या माणसाचा
4. वस्तू मोडली किंवा हरवली तर दुरुस्ती कुणाची
5. बाहेर पडायचं असेल तर किती महिने आधी कळवायचं. निदान सहा ठेवा

ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. कन्नड सहज न वाचणाऱ्या मराठी सदस्यांनी सही करण्यापूर्वी कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावा, विशेषतः रकमा आणि खर्च एकदाच की दरवर्षी, एवढं तरी. मराठी प्रत टाइप करून फाईलला लावा आणि ग्रामसभेत तीच वाचा.

आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३१ जानेवारीपर्यंत चालते. ठराव याच काळात झाला तरच वस्तू पुढच्या वर्षाच्या आराखड्यात येते. मार्चमध्ये जाग आली तर यंदा स्वनिधीवरच भागवावं लागेल. ठरावाच्या प्रती तालुका पंचायतीच्या ईओंना (कार्यकारी अधिकाऱ्यांना) आणि तहसीलदारांना द्या, पोच घ्या.

पायरी ७: खरेदी

पावसाळ्यापूर्वीची खरेदी नेहमीच्या नियमानं, म्हणजे केटीपीपी कायदा १९९९ (कर्नाटकाचा सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा) प्रमाणे. 'आपत्तीची खरेदी आहे, टेंडर लागत नाही' हा समज एप्रिलमध्ये चालत नाही. निविदेतून सूट असते ती आपत्ती ओढवल्यावर किंवा समोर उभी ठाकल्यावर. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५० खाली जिल्हा प्राधिकरणानं तशी परवानगी द्यावी लागते, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याचं वापराचं प्रमाणपत्र व्हाउचर म्हणून धरलं जातं. परवानगीचा कागद नसेल तर प्रमाणपत्राचाही उपयोग नाही.

बोट घेताना स्वस्तावर जाऊ नका. तुमच्या गावातल्या कोळ्याला किंवा नावाड्याला सोबत न्या. उसाच्या फडातून, बुडालेल्या तारांमधून बोट काढणारा माणूस तळ किती सपाट हवा ते दुकानदारापेक्षा बरं सांगतो.

पायरी ८: मेच्या शेवटच्या आठवड्यात चाचणी

बोट पाण्यात उतरवा, इंजिन अर्धा तास चालवा, जनरेटरवर शाळेचे दिवे लावा. चारही गावची माणसं हजर हवीत. बिघाड सापडला तर दुरुस्ती लगेच, बिल त्याच सूत्रानं. फार सोहळा नको, नारळ फोडून फोटो काढला की बोट तपासली असं होत नाही.

पायरी ९: पाणी चढताना नोंदी

राजापूर बंधाऱ्याची पातळी, कोयना, काळम्मावाडी आणि पाटगाव धरणांतला विसर्ग वाढायला लागला की एक वही उघडा. बोटीच्या प्रत्येक फेरीला एक ओळ: तारीख, निघाल्याची वेळ, कुठून कुठं, माणसं किती, पेट्रोल किती, कुणाच्या सांगण्यावरून, सही. पावती पेट्रोल पंपाची छापील घ्या आणि मागं फेऱ्यांचे क्रमांक लिहा. ओल्या हातानं लिहायचं असतं, म्हणून पेनाऐवजी पेन्सिल ठेवा आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत.

काळजी केंद्र महसूल खातं उघडतं. गावानं आधीच जेवण सुरू केलं असेल तर कौतुक होतं, पण आदेशाच्या तारखेआधीचं बिल सहसा मिळत नाही. म्हणून लोक हलवायला लागताच तहसील कार्यालयाला फोन करा, लगेच व्हॉट्सॲपवर लेखी मागणी पाठवा आणि आदेश क्रमांक वहीत लिहा. केंद्रात रोजची हजेरी ठेवा, कुटुंबप्रमुखाच्या सहीनं.

प्रशासनानं तुमच्या गावातला ट्रॅक्टर किंवा बोट ताब्यात घेतली तर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ आणि ६६ प्रमाणे मोबदला मिळतो. आदेश लेखी मागा. तोंडी नेलेल्या ट्रॅक्टरचं भाडं मागताना पुरावा काय दाखवणार?

> सीमेपलीकडच्या गावांबद्दल. मलिकवाडहून दत्तवाड दिसतं, पाहुणे-रावळे तिकडंच आहेत. तरी आपल्या पंचायतीचा पैसा महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्यात खर्च टाकता येत नाही. त्यांच्याशी पैशाची वाटणी ठरवू नका. माहितीची ठरवा: पाणी वाढलं की कोण कुणाला फोन करणार. बोट एकमेकांना द्यायची असेल तर दोन्हीकडच्या तहसीलदारांना आधी पत्र देऊन ठेवा, आणि ज्याच्या हद्दीत बोट चालली त्याच्या बाजूनं पेट्रोल, एवढंच लिहा.

पायरी १०: हिशेब

पाणी उतरल्यावर पंधरा दिवसांत तीन ढिगांच्या तीन फायली करा. दुसऱ्या ढिगाची फाईल तहसीलदारांकडं: आदेश, वहीच्या प्रती, पावत्या, हजेरी. एका गटाची एकच फाईल जाऊ द्या, चार गावांनी चार पाठवल्या की एकच पेट्रोल दोनदा लागल्याचा संशय येतो. वरून पैसे आले की ज्यानं आधी भरले त्याला परत. कमी आले तर राहिलेली रक्कम ठरलेल्या सूत्रानं वाटा.

पहिल्या ढिगात वर्षभरात काय खर्च झालं ते चारही पंचायतींच्या सूचना फलकावर लावा. गटाची हिशेबाची बैठक ऑक्टोबरमध्येच घ्या, कारण तेव्हा पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या सभा सुरू झालेल्या असतात आणि नवं इंजिन लागणार असेल तर ते त्याच यादीत घालावं लागतं.